यान काढून टाकलं तर काय उरतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकमधल्या एका साप्ताहिकाच्या जुन्या चित्रपटांच्या सदरासाठी तुम्ही ‘एलियन’वर परीक्षण लिहिलंत, रिडली स्कॉटचा, १९७९ चा. ‘ही नुसती गोष्ट झाली’ असा शेरा मारून उपसंपादकांनी ते परत पाठवलं. इंजिनिअर मित्राने वाचून विज्ञानाच्या चुकांची यादीच हातात ठेवली. आणि तुमची स्वतःची पंचाईत वेगळीच. चित्रपट आवडला, पण भीती अशी वाटलीच नाही. मग त्याला चांगला भयपट म्हणायचं कसं? आणि अंतराळयानात घडणाऱ्या चित्रपटांवर लिहायची काही पद्धत असते का?

पुढे ‘एलियन’मधले बरेच प्रसंग मोकळेपणाने सांगणार आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून यावं, उत्तर कुठे पळून जात नाही.

तुम्ही सोबत दिलेला मजकूर वाचला. भाषा चांगली आहे, घोळ मांडणीत आहे. पहिले पाचशे शब्द कथानक, मग एक परिच्छेद विज्ञानाचा, मग ‘छायाचित्रण, संगीत, अभिनय या सर्वच बाजू उत्तम’ हे वाक्य, आणि खाली तारे. कौटुंबिक चित्रपटाला ही मांडणी एक वेळ चालून जाते. इथे ती कोसळते, कारण या प्रकारात कथा, विज्ञान आणि भीती वेगवेगळ्या काढताच येत नाहीत. दार उघडायचं की नाही ही कथा. दारातून काय आत येऊ शकतं हे विज्ञान. दार उघडलं गेलं ही भीती. दार एकच आहे आणि तुम्ही त्याच्यावर तीन ठिकाणी तीन वेगळी वाक्यं लिहिलीत.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकतो. चित्रपट कुठे पाहिलात? फोनवर, दिवसा, बस येईपर्यंत पाहिला असेल तर भीती न वाटण्याचा दोष चित्रपटाच्या माथी मारू नका. हा चित्रपट अंधाऱ्या कोपऱ्यांवर उभा आहे आणि फोनच्या पडद्यावर, उजेडात, ते कोपरे नुसते काळे ठिपके होतात. हिंदी डबिंगमध्ये पाहिलात की मूळ भाषेत? यातली माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, तोंडातल्या तोंडात कुरकुरतात. डबिंगमध्ये प्रत्येक वाक्य सुटं, स्वच्छ ऐकू येतं आणि दमलेल्या माणसांची ती गिचमिड निघून जाते. कोणती आवृत्ती पाहिलीत? मूळ चित्रपट ११७ मिनिटांचा आहे. २००३ साली स्कॉटने पुन्हा संकलित केलेली आवृत्ती साधारण मिनिटभराने लहान आहे, पण तिच्यात एक वगळलेला प्रसंग परत आला आहे आणि त्याने प्राण्याच्या जीवनचक्राचा अर्थच बदलतो. कोणती पाहिली ते परीक्षणाच्या चौकटीत लिहा. आणि वाचक कोण? तुमच्या शहरात नारळीकरांच्या विज्ञानकथांवर वाढलेला वाचक आहे. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच होते. शिवाय ग्रंथालयातून नारायण धारप आणून रात्री दिवा न विझवता वाचणारा वाचकही आहे. पहिला विचारणार, हे शक्य आहे का. दुसरा विचारणार, झोप उडाली का. परीक्षणाला दोघांशी बोलावं लागतं.

आता पद्धतीचं. मी या प्रकारच्या चित्रपटाला एकच प्रश्न विचारतो आणि बाकी सगळं त्यातून ओढून काढतो. हीच गोष्ट इगतपुरीच्या पावसात अडकलेल्या एखाद्या बंगल्यात घडली असती का? रस्ता बंद, फोन बंद, आत कुणीतरी आहे. घडली असती, फारसं काही न बदलता, तर यान ही नुसती सजावट आहे आणि परीक्षणात तसं लिहायला हवं. घडलीच नसती, तर का नसती, हे शोधायचं. त्या ‘का’मध्येच तुमचं परीक्षण आहे.

‘एलियन’ला हा प्रश्न विचारून बघा. वरवर उत्तर ‘हो, घडली असती’ असं येतं. सात माणसं, एक मांजर, एक राक्षस, एकेक बळी. पण जरा खोलात जा. सुरुवातीलाच पडद्यावर अक्षरं येतात: व्यापारी ओढणारं यान, कर्मचारी सात, माल म्हणजे दोन कोटी टन खनिज, प्रवास पृथ्वीकडे परत. ही माणसं शोधमोहिमेवर निघालेली नाहीत, मालवाहतुकीच्या कामावर आहेत. लांबच्या झोपेतून उठल्यावर जेवणाच्या टेबलावरच पार्कर आणि ब्रेट हे दोघे खालच्या मजल्यावरचे तंत्रज्ञ बोनसचा विषय काढतात. आपल्याला इतरांपेक्षा कमी वाटा का, हा त्यांचा मुद्दा. मग अनोळखी संकेत येतो आणि तिथे उतरायला पार्कर नकार देतो, तेव्हा यानावरचा विज्ञान अधिकारी ॲश कराराचं कलम वाचून दाखवतो: असा संकेत मिळाला आणि तपास केला नाही, तर सगळा वाटा जप्त. म्हणजे राक्षसापर्यंत त्यांना नेते ती पगाराची अट. कुतूहलाने तिकडे कुणी गेलेलंच नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम केलेला तुमचा वाचक हे एका फटक्यात ओळखेल. दिवाळीच्या आधीची बोनसची बोलणी, कंत्राटी आणि कायम यांच्यातला फरक, वरच्या मजल्यावरून आलेला ‘करारात आहे’ हा शब्द. तुमच्या परीक्षणात या प्रसंगाचा उल्लेखच नाही आणि मला वाटतं उपसंपादकांना जे कमी वाटलं ते हेच. पुढे यानावरची एक अधिकारी रिप्ले हिला यानाच्या संगणकातून कळतं, की प्राणी परत आणायचा आहे आणि त्यासाठी कर्मचारी गेले तरी चालतील असा कंपनीचा हुकूम आहे. तो धक्का बसतो, कारण त्याची पायाभरणी बोनसच्या भांडणात झालेली असते. बंगल्याच्या गोष्टीत हा हुकूम कुठून आणणार?

दुसरा धागा दाराचा. संकेताचा तपास करायला बाहेर गेलेला कर्मचारी केन तोंडाला काहीतरी चिकटलेल्या अवस्थेत परत येतो. आत घ्यायला रिप्ले नकार देते. नियम स्पष्ट आहे, चोवीस तास विलगीकरण. कप्तान डॅलस चिडतो, माणूस मरेल म्हणतो. ॲश आतून दार उघडतो. २०२० नंतर हा प्रसंग पाहणाऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा रिप्ले निष्ठुर वाटते आणि पुढे कळतं की यानात शहाणं माणूस ती एकटीच होती. इथे थांबा आणि लिहा. परीक्षणातला एक अख्खा परिच्छेद या दाराला द्यावा इतका तो प्रसंग भरलेला आहे.

तिसरा धागा मला सगळ्यात आवडतो. केनच्या तोंडावरचा प्राणी कापायला जातात आणि त्याचं रक्त आम्ल निघतं. ते जमीन जाळत खालच्या मजल्यावर, तिथून आणखी खालच्या मजल्यावर जातं. सगळे जिन्यांवरून खाली धावतात, वर बघत, आता यानाचं कवच फुटतंय का म्हणून. या एका प्रसंगाने तीन कामं केली. यानाला किती मजले आहेत ते दाखवलं. यानाच्या कवचापलीकडे काय आहे याची आठवण दिली. आणि प्राण्याला गोळी घालण्याचा मार्ग कायमचा बंद केला, कारण त्याला जखम केली तर तुमचंच घर फुटणार. आता त्यांना विजेचे दांडके आणि आगीचे फवारे घेऊन त्याला हुसकत दाराबाहेर नेणं भाग आहे. पुढचा सगळा चित्रपट या एका नियमातून निघतो. पटकथेची अशी जागा सापडली की परीक्षकाने सोडायची नाही.

आता तुमच्या मित्राची यादी. त्याचे मुद्दे बरोबर आहेत: निर्वातात स्फोटाचा आवाज येणार नाही, यानात गुरुत्व कशामुळे आहे ते सांगितलेलं नाही, आणि एवढासा प्राणी काही तासांत माणसापेक्षा मोठा होतो तर ते वस्तुमान आलं कुठून? तरी या मुद्द्यांचं वजन सारखं नाही. गुरुत्वाचा मुद्दा मी सोडून देतो. चित्रपट त्याचा कुठेच आधार घेत नाही, १९७९ च्या प्रेक्षकाशी तो एक मूक करार होता. प्राण्याच्या वाढीचा मुद्दा मात्र सोडत नाही. सगळे मांजराएवढं काहीतरी शोधत असताना वरून भलतंच उतरतं, हा धक्का त्या वाढीवरच उभा आहे. भीती जिथे उभी आहे नेमकी तिथेच हिशोब गाळला आहे. परीक्षणात हे एका वाक्यात लिहा आणि पुढे चला. यादी करू नका. ओझरच्या विमान कारखान्यात आयुष्य काढलेले लोक तुमचे वाचक असू शकतात. केबिनमधल्या दाबाबद्दल त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे आणि चुका मोजायला त्यांना तुमची गरज नाही.

विज्ञान उपयोगी पडतं ते दुसऱ्या बाजूने. खरी वस्तुस्थिती चित्रपटापेक्षा भीतिदायक असते आणि ती माहीत असली की चित्रपटाने काय साधलं, काय हातचं घालवलं ते दिसतं. पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटरवरच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पंखे सतत चालू असतात. वजनरहित अवस्थेत गरम हवा आपोआप वर जात नाही, त्यामुळे हवा खेळती नसेल तर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याच्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. म्हणजे यानात घरघर ऐकू येणं ही सुखाची गोष्ट आणि शांतता ही धोक्याची. हे कळल्यावर अशा चित्रपटाचा ध्वनी तुम्ही वेगळ्या कानांनी ऐकाल.

तसंच निर्वाताचं. अनेक चित्रपटांत माणूस बाहेर फेकला गेला की फुटतो किंवा क्षणात गोठतो. प्रत्यक्षात १९६६ साली नासाच्या निर्वात कक्षात पोशाखाची चाचणी घेताना एका तंत्रज्ञाच्या पोशाखाची नळी निसटली. साधारण चौदा सेकंदांत त्याची शुद्ध गेली. वेळेवर हवा भरल्यामुळे तो वाचला आणि शेवटची आठवण म्हणून त्याने सांगितलं, की जिभेवरची लाळ उकळायला लागल्याचं जाणवत होतं. ना स्फोट, ना बर्फ. शुद्धीतले ते मोजके सेकंद एखाद्या दिग्दर्शकाने वापरले, तर परीक्षणात त्याची दखल घ्या. फुगा फुटल्यासारखा माणूस फोडला, तर त्याचीही घ्या.

राहिला भीती न वाटण्याचा मुद्दा. ‘मला भीती वाटली नाही’ ही माहिती तुमच्याबद्दलची आहे. परीक्षणात ती जरूर यावी, पण तिच्यावर थांबू नका. भीतीच्या कोणत्या तऱ्हा चित्रपट वापरतोय ते वेगळं करा. दचकवणं ही सगळ्यात स्वस्त तऱ्हा. लपलेली हालचाल शोधताना कपाटातून मांजर उडी मारतं, ते ‘एलियन’मध्येही आहे. दुसरी किळस, शरीराच्या आतून काहीतरी येण्याची. जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग त्यासाठी प्रसिद्ध आहे. तो तासाभराच्या आसपास येतो, म्हणजे तोवर स्कॉटने तुम्हाला या माणसांच्या कटकटीत, चहापाण्यात मुरवलेलं असतं. तिसरी धास्ती, जी काही दिसत नसताना वाटते. डॅलस हवेच्या बोगद्यात शिरतो, बाहेर त्याची सहकारी लँबर्ट हिच्या हातातल्या यंत्रावर दोन ठिपके आहेत, एक त्याचा आणि एक दुसऱ्याचा. ठिपके जवळ येतात. पडद्यावर राक्षस जवळपास नाहीच. संपूर्ण चित्रपटात तो फार थोडा वेळ दिसतो. जवळपास सात फूट उंच, सडपातळ बोलाजी बडेजो त्या पोशाखात होता आणि तरीही स्कॉटने त्याला पूर्ण उभा दाखवायचं बहुतेक वेळा टाळलं. कधी जबडा, कधी शेपूट, कधी नळ्यांमध्ये नळीच वाटावी असं डोकं.

हे शेवटचं योगायोगाने घडलेलं नाही. माणसांचं यान रॉन कॉबने रेखाटलं आणि परका प्राणी व त्याचं जहाज एच. आर. गीगरने. दोन हातांची ही दोन जगं चित्रपटभर वेगळी राहतात आणि शेवटच्या छोट्या यानात एकमेकांत मिसळतात: गीगरचा प्राणी कॉबच्या नळ्यांमध्ये दडून बसतो आणि तुम्ही त्याच्याकडे बघूनही त्याला बघत नाही. ‘कला-दिग्दर्शन उत्तम’ लिहिण्याऐवजी हे लिहिलंत, तर वाचक तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहील.

भीती मोजताना आपल्याकडच्या दोन अडचणी धरून चाला. एक म्हणजे मध्यंतर. मूळ चित्रपटात ते नसतं, आपल्या चित्रपटगृहात कुठेतरी घुसवतात आणि तासभर ताणलेली दोरी समोशाच्या वासात सैल पडते. दुसरी, पडद्याच्या कोपऱ्यातली धूम्रपानाची सूचना. ‘एलियन’मधले लोक भरपूर सिगारेट ओढतात. ऐन ताणात ती अक्षरं आली की नजर तिकडे जाते. हा चित्रपटाचा दोष नाही, पण तुमचं मत त्याने बदलू शकतं, म्हणून शंका असेल तर तेवढा भाग पुन्हा बघावा.

एक शेरेबाजी करून घेतो. टेबलाच्या प्रसंगात रक्त किती उडणार हे नटांना सांगितलं नव्हतं, ही माहिती जवळपास प्रत्येक परीक्षणात असते. खरी आहे, पण ती वाचकाच्या फोनमध्येही आहे. तिच्यावर साठ शब्द घालवण्यापेक्षा तो प्रसंग सुरू होण्याआधी टेबलावर किती हसणं-खिदळणं चाललंय ते सांगा. हसणारी माणसं आणि नंतरचं दृश्य यांच्यात किती थोडं अंतर आहे, तेही.

आता लिहिण्याचं. तुमच्या मजकुरात एक ओळ आहे: ‘दिग्दर्शकाने यानातील गूढ वातावरण अतिशय प्रभावीपणे उभे केले आहे.’ ही ओळ कोणत्याही चित्रपटाला चिकटवता येते. मी तिथे असं काहीतरी लिहीन: ‘सुरुवातीची काही मिनिटं पडद्यावर माणूसच नाही. रिकामे बोळ, टेबलावर डुलणारा खेळण्यातला पक्षी, आणि एका शिरस्त्राणाच्या काचेत उमटणारी संगणकाची अक्षरं. माणसं झोपलेली असताना यानाने हुकूम वाचलेला आहे.’ यात ‘गूढ’ आणि ‘प्रभावी’ दोन्ही नाहीत. पाहिलेलं आहे आणि शेवटच्या वाक्यात त्याचा अर्थ आहे. अंधारात वही घेऊन बसत असाल तर कथानक टिपू नका, ते नंतर कुठेही मिळतं. टिपायचं ते हे: दार, दिवा, आवाज, कोण कुठे उभं आहे. घरी आल्यावर आठवणीने यानाचा नकाशा काढून बघा. काढता आला तर दिग्दर्शकाने काम केलंय. नाही आला, तर पळापळीच्या प्रसंगात तुमचा ताण का सुटला याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं.

हीच कसोटी इतरांना लावून बघा, म्हणजे हात बसेल. १९९७ चा ‘इव्हेंट होरायझन’ उघडच झपाटलेल्या घराची गोष्ट आहे. बंगल्याच्या कसोटीवर तो अर्धा नापास होतो, तरी त्याचं यान इतकं देवळासारखं आणि यातनागृहासारखं बांधलंय की मी त्याला सवलत देतो. प्रदर्शित झाला तेव्हा तो पडला, पुढे त्याला चाहते मिळाले. डॅनी बॉइलच्या ‘सनशाइन’मध्ये (२००७) विझत चाललेल्या सूर्याकडे बॉम्ब घेऊन निघालेली आठ माणसं आहेत. पहिल्या दोन-तृतीयांशात भीती सरळ हिशोबातून येते, प्राणवायू किती आणि श्वास घेणारे किती. शेवटच्या भागात तो वेगळाच चित्रपट होतो. काय होतं ते सांगत नाही, पण तो भाग बंगल्यात सहज घडला असता. ‘लाइफ’ (२०१७) अंतराळ स्थानकातच घडतो, त्याला वजनरहित अवस्थेचा फायदा मिळतो आणि दारांचा हिशोबही तो चोख ठेवतो. माणसं मात्र लक्षात राहत नाहीत. त्यांना बोनसचं भांडण नाही.

रहस्य किती फोडायचं? नव्या चित्रपटात पहिल्या अर्ध्या तासापलीकडचं मी सांगत नाही. चार दशकं जुन्या चित्रपटावर लिहिताना मोकळीक घेतो, पण पहिल्याच परिच्छेदात इशारा देऊन. तुमच्या सदराचा वाचक कॉलेज रोडवरचा अठरा वर्षांचा मुलगाही असू शकतो आणि त्याच्यासाठी हा चित्रपट नवाच आहे. त्यामुळे टेबलावर नेमकं काय होतं ते न सांगता त्याच्याभोवती लिहिता आलं तर उत्तम. मी वर तसंच केलंय, बघा.

ताऱ्यांचं फार मनावर घेऊ नका, उपसंपादक मागतात म्हणून द्यायचे. मी ‘एलियन’ला साडेचार देईन. अर्धा तारा प्राण्याच्या वाढीच्या हिशोबासाठी कापलेला नाही, शेवटच्या छोट्या यानातल्या कॅमेऱ्यासाठी कापलाय. दोन तास रिप्लेकडे एक कामसू, नियम जाणणारी अधिकारी म्हणून बघणारा चित्रपट तिथे अचानक तिच्या अंतर्वस्त्रांकडे बघायला लागतो. ती त्या क्षणी किती उघडी, असुरक्षित आहे हे दाखवायला ते हवंच होतं, असं म्हणणारे जाणकार आहेत. मला ते पटत नाही. तुम्हाला पटत असेल, तर ते का, हे परीक्षणात लिहा.